मदत हवी आहे: १९७० शेवेल, ३५० इंजिन, स्टार्टरचा गॅप जमत नाही

गाडी १९७० ची शेव्हरोले शेवेल, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. इंजिन १९८९ च्या भंगारातल्या ट्रकचं, ३५० (घनइंच) स्मॉल ब्लॉक. १९८६ पासून क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं तेल अडवणारं सील एकसंध आलं, त्यामुळे जुनी फ्लेक्सप्लेट (क्रँकला जोडलेली, कडेला दाते असलेली चकती, जी स्टार्टर फिरवतो) बसत नाही: बोल्टचं वर्तुळ ३.५८ इंचांवरून ३ इंचांवर आलं आणि बॅलन्सचं वजन प्लेटवर गेलं. म्हणून प्लेट ट्रकचीच, १६८ दात्यांची, वजनासकट लावली आहे. स्टार्टर तिरक्या बोल्टांचा, म्हणजे त्या प्लेटला योग्य तोच. बोल्ट दातेरी मानेचे, स्टार्टरचेच आहेत, साधे नाहीत.

इंजिन सुरू होताच, किल्ली सोडताना, बारीक किंचाळी येते. म्हणजे गॅप (पिनियन, म्हणजे स्टार्टरचं छोटं दातेरी चाक, आणि प्लेटचे दाते यांमधली फट) कमी, हे कळतंय. पिनियन हाताने बाहेर ओढून जाड तारेने मोजलं तर एका जागी ०.४ मिमी भरतं आणि क्रँक अर्धा फिरवल्यावर १.१ मिमी! हवा साधारण ०.९. खरी अडचण इथेच आहे. स्टार्टरखाली शिम (पातळ पत्रा) टाकून घट्ट जागा सुटते, पण मग सैल जागी स्टार्टर इंजिन फिरवत असतानाच आवाज येतो, आणि तसंच चालवलं तर दाते झिजणार.

प्लेटला तडा नाही, बोल्टची भोकंही गोल आहेत.

प्लेटची दातेरी रिंग वेल्डिंगच्या वेळीच एका बाजूला सरकलेली असेल, की क्रँकच्या फ्लँजवर (प्लेट जिथे बसते त्या तोंडावर) गंज किंवा बर (धातूची उठलेली कड) राहिला असेल? गिअरबॉक्स न उतरवता, स्टार्टरच्या जागेतून डायल गेज (सुईचं बारीक मापक) लावून या दोन्हींतलं नेमकं कोणतं हे ओळखता येईल का? कृपया ज्यांनी हे मोजलंय त्यांनी पद्धत सांगा.