‘इग्रीजियस’ चूक म्हणजे नेमकी कसली?

शंकेखोर: एका लेखापरीक्षण अहवालाचा अनुवाद करतोय. मूळ इंग्रजीत ‘इग्रीजियस एरर’ आहे. मी ‘घोडचूक’ लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘असाधारण त्रुटी’ केलं. असाधारण म्हटलं की मला शाल-श्रीफळच दिसतं. काय ठेवू?

अडगळ: बाई मुळाला धरून आहेत! लॅटिन ‘एग्रेगिउस’ : ‘ए’ म्हणजे बाहेर, ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. कळपातून उठून दिसणारा, म्हणून थोर. (माणसांत रमणारा ‘ग्रिगेरियस’ही याच कळपातला.) इंग्रजीतही आधी स्तुतीच होती. १५९०मध्ये छापलेल्या मार्लोच्या ‘टॅम्बरलेन’ नाटकामध्ये राजेरजवाडे इग्रीजियस आहेत, शेक्सपिअरच्या ‘सिंबेलिन’मध्ये मात्र खुनी. टोमण्यात वापरून वापरून स्तुती झिजली.

मिलानवाली: इटालियनमध्ये अजून शाबूत आहे. इथे आलो तेव्हा घरमालकाचं पत्र आलं, वर ‘एग्रेजो सिन्योरे’ आणि नवऱ्याचं आडनाव. भाडं दोन दिवस उशिरा दिलं होतं. तो म्हणाला, “एवढ्यासाठी शिव्या?” शेजारच्या आजींनी सांगितलं, अहो, हा तर मायना!

पाटीपुस्तक: आपला ‘महाभाग’ याचा सख्खा भाऊ. संस्कृतात भाग्यवान, थोर. मराठीत “कोण हा महाभाग?” ऐकू आलं की फाटकासमोर कोणीतरी गाडी लावलेली असते. ‘मुक्ताफळं’ आणि ‘दिवे लावणं’ यांचीही तीच गत.

शंकेखोर: म्हणून काय ‘महाभाग चूक’ लिहू?

खडाष्टक: आधी ‘त्रुटी’ काढा. त्रुटी म्हणजे उणीव, चूक नव्हे. हिंदीतून घुसलंय ते. ‘घोडचूक’ अस्सल आहे, तीच ठेवा.

अडगळ: सरकारी कागदावर घोडचूक? ‘अक्षम्य चूक’ बरी.

खडाष्टक: क्षमा करायची की नाही ते साहेब ठरवतील, अनुवादकाने कशाला?

पाटीपुस्तक: पण घोडचुकीत घोडा कुठून आला? आमची आजी म्हणायची, ‘घोर’चं ‘घोड’ झालं.

खडाष्टक: मग घोडनवरी म्हणजे भयंकर नवरी? आजींना नमस्कार सांगा. ‘घोड’ नुसतं थोराड दाखवायला लागतं.

मिलानवाली: लग्न पस्तिशीत केलंय मी. उदाहरण बदला.

खडाष्टक: शब्द कोशात आहे, ताई. मी बनवला नाही.

शंकेखोर: मंडळी, अहवाल सोमवारी द्यायचाय.

पाटीपुस्तक: पण थोराडच म्हणायचं तर ‘हत्तीचूक’ का नाही?