नागलचा 68 वा क्रमांक: खेळ सुधारल्याचा पुरावा की केवळ गुणांचा हिशेब?

पंचवटीकर:
भारताचा टेनिसपटू सुमित नागल जुलै 2024 मध्ये एकेरीच्या जागतिक क्रमवारीत 68 व्या स्थानावर पोहोचला आणि पुढच्याच वर्षी तो आधी शंभराबाहेर, मग दोनशेच्याही पलीकडे गेला. तेव्हापासून नाशिकच्या टेनिसप्रेमींत ‘ती झेप नशिबाची होती’ असे सर्रास ऐकू येते. मला हे मुळीच मान्य नाही.

नोव्हेंबर 2021 मध्ये त्याच्या नितंबाच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली आणि 2022 मध्ये तो पाचशेच्याही खाली घसरला. तेथून तो एका उडीत वर आलेला नाही. 2023 मध्ये त्याने रोम आणि टाम्परे येथील चॅलेंजर, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक स्तराच्या एक पायरी खालच्या, स्पर्धा जिंकल्या, आणि 2024 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पात्रता फेरीतून येऊन 31 व्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला सरळ सेटमध्ये हरवले. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा भारतीय पुरुष त्याआधी 1989 मध्ये दिसला होता, जेव्हा रमेश कृष्णन यांनी मॅट्स विलँडरला नमवले. माझ्या मते खरा पुरावा मात्र त्याच वर्षीच्या मॉन्टे कार्लो स्पर्धेचा आहे. तेथे मातीच्या कोर्टवर त्याने पात्रता फेरीत फ्लाव्हियो कोबोली आणि फाकुंडो दियाझ अकोस्टा यांना, आणि मुख्य फेरीत मातेओ अर्नाल्डीला हरवले. हे तिघेही क्रमवारीत त्याच्या वर होते, आणि अशा तिघांना ओळीने हरवणे नशिबाने होत नाही.

गोदाकाठ:
आपण जमेची बाजू मांडलीत, आता खर्चाचीही मांडायला हवी. त्याच वर्षी फ्रेंच ओपन, विम्बल्डन आणि यूएस ओपन या तिन्ही स्पर्धांत तो पहिल्याच फेरीत हरला, आणि पॅरिस ऑलिंपिकमध्येही कोरेंतिन मुतेकडून पहिल्या फेरीतच बाहेर पडला. मग ज्यांवर क्रमवारी ठरते ते गुण आले कोठून? त्यांतील मोठा वाटा चेन्नई आणि हाइलब्रॉन येथील चॅलेंजर विजेतेपदांचा होता. चॅलेंजर जिंकणे कमी दर्जाचे आहे असे मी म्हणत नाही; परंतु त्या गुणांवर मिळालेले स्थान टिकवायचे, तर वरच्या स्तरावर सामने जिंकावे लागतात. गुण 52 आठवड्यांनी गळून पडतात, त्यामुळे जानेवारी 2025 मध्ये मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, तो तोमास माखाचकडून पहिल्या फेरीत हरताच आधीच्या वर्षी तेथे कमावलेले बहुतेक गुण गेले. जे स्थान वर्षभर टिकत नाही, त्याला खेळाची उंची कसे म्हणायचे?

पंचवटीकर:
गुण गळण्याचा नियम जोकोविचलाही लागू आहे, म्हणून तो केवळ नागलच्या विरोधात वापरणे योग्य नाही. शिवाय 2024 च्या उत्तरार्धात पाठीच्या दुखापतीने त्याला खेळातून बाहेर ठेवले, हेही हिशेबात धरावे लागेल. चॅलेंजरविषयी सांगायचे, तर सर्वांत खालच्या, पंधरा हजार डॉलर बक्षिसाच्या आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धेचे विजेतेपद मिळवले की 15 गुण मिळतात आणि चेन्नईसारख्या चॅलेंजरचे 100. अशा सहा छोट्या स्पर्धा जिंकूनही एका चेन्नईची बरोबरी होत नाही. चेन्नईच्या अंतिम सामन्यात त्याने लुका नार्डीला 6-1, 6-4 असे हरवले आणि तो 98 वा झाला. 2019 मध्ये प्रज्ञेश गुणेश्वरननंतर एकेरीत पहिल्या शंभरात एकही भारतीय नव्हता, हे येथे विसरता कामा नये.

कॉलेजरोडचा पालक:
माझा मुलगा राज्यस्तरीय स्पर्धा खेळतो, म्हणून मी या चर्चेकडे पैशांच्या बाजूने पाहतो. 2023 मध्ये नागलने स्वतः सांगितले होते की त्याच्या बँक खात्यात केवळ 900 युरोंच्या आसपास रक्कम उरली आहे, आणि प्रशिक्षण, प्रवास व प्रशिक्षक यांचा वर्षाचा खर्च सुमारे एक कोटी रुपये आहे. जो मनुष्य या अवस्थेत जर्मनीत सराव करून चार महिन्यांत ऑस्ट्रेलियन ओपनची दुसरी फेरी गाठतो, त्याची झेप ‘नशिबाची’ म्हणणारे मला फार कठोर वाटतात. पहिल्या शंभरात असणे म्हणजे ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत सरळ प्रवेश, आणि पहिल्या फेरीत हरले तरी पुढचे काही महिने प्रशिक्षकाला सोबत नेता येण्याइतकी रक्कम. पुरुषांचे व्यावसायिक टेनिस चालवणाऱ्या एटीपी या संघटनेने 2024 पासून पहिल्या अडीचशे खेळाडूंना किमान उत्पन्नाची हमी दिली: शंभरापर्यंत तीन लाख डॉलर, पुढे 175 पर्यंत दीड लाख आणि 250 पर्यंत 75 हजार. क्रमवारीतला एकेक टप्पा म्हणजे आणखी एक हंगाम खेळण्याची शक्यता असते.

गोदाकाठ:
आपल्या मुलाला मनापासून शुभेच्छा, आणि पैशांविषयीचे आपले म्हणणे मला पूर्ण पटते. परंतु त्यातूनच माझी शंका अधिक घट्ट होते. उत्पन्न क्रमवारीवर अवलंबून असेल, तर खेळाडू गुण मिळतील तेथे धावतो आणि खेळातील उणीव दुरुस्त करण्यास त्याला उसंत मिळत नाही. नागलची उंची 1.78 मीटर आहे. सर्व्हिसवर फुकटचे गुण त्याला फारसे मिळत नाहीत, त्यामुळे प्रत्येक गेम लांब रॅलींतून जिंकावा लागतो. मातीवर हे चालते, कारण चेंडू उसळतो आणि वेळ मिळतो. विम्बल्डनच्या गवतावर किंवा वेगवान हार्ड कोर्टवर वरच्या फळीतील खेळाडू त्याच्या दुसऱ्या सर्व्हिसवर तुटून पडतात. मॉन्टे कार्लोतील तीन विजय मी मनापासून मान्य करतो, तरीही ते एका पृष्ठभागावरचे आहेत.

पंचवटीकर:
बुब्लिकवरचा विजय हार्ड कोर्टवरचाच होता, आणि बुब्लिकची सर्व्हिस किती धारदार आहे हे आपण जाणता. उणीव आहेच, ती मी नाकारत नाही. प्रश्न हा आहे की ती दुरुस्त करायला खेळाडूने कोठे खेळावे? पुण्यात बालेवाडीला 2018 ते 2023 या काळात एटीपी टूरची, म्हणजे चॅलेंजरच्या वरच्या स्तराची, स्पर्धा होत असे. नाशिकहून चार-पाच तासांत जाऊन आपली मुले वरच्या फळीचा खेळ प्रत्यक्ष पाहू शकत आणि भारतीय खेळाडूंना वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर, त्या स्तराचे सामने मिळत. ती गेल्यापासून एटीपी टूरची एकही स्पर्धा देशात उरली नाही. सत्तराव्या क्रमांकाजवळच्या भारतीयाला तसे सामने हवे असतील, तर दर वेळी परदेशी जावे लागते.

गोदाकाठ:
ती स्पर्धा परत यावी, यावर आपले एकमत आहे. नागलविषयी माझे मत तूर्त तेच राहील: चॅलेंजरच्या विजेतेपदांपेक्षा तो एटीपी टूरच्या मुख्य फेरीत, तेही मातीबाहेर, सलग किती सामने जिंकतो याकडे मी पाहीन.