अनुभव धागा: ख्रिस्ती उपासनेतला आदर आणि देवाशी जवळीक

चर्चमध्ये आणि घरी आदर कसा पाळतात, त्यातून जवळीक कशी वाढते, हे जाणत्यांनी लिहावं. धर्मांतराचे वाद आणि चमत्कारांच्या साक्षी नकोत. कृती सांगा, आणि कुठे बिघडतं तेही.

वेदीसेवक, वसई

कम्युनियनपासून, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकर घेण्यापासून सुरू करू. आधी एक तास उपवास. पाणी आणि औषध चालतं. आजारी आणि वृद्धांना सूट आहे. हा नियम 1964 चा, त्याआधी तीन तासांचा होता. रांगेत पुढचा माणूस घेत असतानाच मागच्याने मस्तक लववायचं. समोर पोचल्यावर वाकलात तर रांग अडते आणि फादरांचा हात अधांतरी राहतो. हातावर घ्यायचं असेल तर डावा तळवा वर, उजवा खाली आधाराला. यरुशलेमचे संत सिरिल चौथ्या शतकात असंच शिकवत, फक्त उजवा हात वर ठेवून: राजा येतोय, डाव्या हाताचं सिंहासन करा. ‘आमेन’ स्पष्ट म्हणा, तिथेच सेवन करा, तळव्यावर कण राहिलाय का पाहा. फादरांच्या बोटांतून चिमटीने उचलणं आणि हातात धरून बाकापर्यंत चालत जाणं, या चुका सर्रास दिसतात.

टॅबरनॅकलसमोर (पवित्र भाकर ठेवायच्या पेटीसमोर) उजवा गुडघा थेट जमिनीला, पाठ ताठ. टेकता टेकताच घाईत क्रूसाची खूण केली की दोन्ही अर्धवट होतात. गुडघे दुखत असतील तर खाली वाकून नमन करा, तेही पुरेसं आहे. आणि कम्युनियन घेऊन बाकावर परतल्यावरची पाच मिनिटं गप्प बसा. जवळिकीची वेळ तीच, आणि नेमकी तीच लोक गाडी आधी बाहेर काढण्यात घालवतात.

मंडळीतला एक, नगर

आमच्या प्रॉटेस्टंट उपासनेत गुडघे कमी टेकतात, तयारी जास्त असते. प्रभुभोजनाआधी (कम्युनियनलाच आम्ही हे म्हणतो) बायबलमधल्या 1 करिंथ 11:28 प्रमाणे स्वतःची परीक्षा, आणि मत्तय 5:23-24 प्रमाणे ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याशी आधी समेट. दुसरं वचन वाचणारे पुष्कळ, फोन करणारे थोडे. तो फोन शनिवारीच करावा. रविवारी सकाळी चर्चच्या दारात होतो तो समेट तोंडदेखला असतो.

व्यवस्थेचं बोलायचं तर एका तबकात द्राक्षरसाचे साधारण 40 छोटे पेले बसतात. ते दोन तृतीयांशच भरा, नाहीतर बाकावरून हातोहात जाताना रस सांडतो आणि सगळ्यांचं लक्ष प्रभूवरून रुमालावर जातं. भाकर सकाळी कापा, आदल्या रात्रीची कोरडी पडून भुगा होतो. वाटप चालू असताना कीबोर्ड बंद ठेवा. शांतता अवघड वाटते म्हणूनच वाजवणाऱ्याची बोटं शिवशिवतात, पाळकांनी आधीच सांगून ठेवावं.

भजनी

कॅथलिकांना भारतीय पद्धतीची परवानगी 1969 मध्ये मिळाली, बारा मुद्द्यांची: पादत्राणं बाहेर, जमिनीवर बैठक, अंजलीहस्त, पंचांग प्रणाम, समई, आरती. आपल्याकडच्या बऱ्याच चर्चमध्ये यातलं फारसं दिसत नाही, याचं वाईट वाटतं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला गुरुमाउली म्हटलं, त्यात धाक आणि माया दोन्ही आले. भजनाला एकच सूचना: गायिकेच्या काळी चार-पाचच्या उंच पट्टीत उचललं की मागचे पुरुष गप्प होतात. पट्टी उतरवा. शेवटच्या ओळीनंतर लगेच घोषणा सुरू करू नका.

जपमाळवाली

घरच्या जपमाळेला पाच दशकं (एका दशकात दहा वेळा ‘नमो मरिये’), वीसेक मिनिटं. अर्ध्या लोकांचं ‘नमो मरिये’ संपायच्या आत उरलेले उत्तर सुरू करतात, मग बारा मिनिटांत उरकते. मुलं चुळबुळत असतील तर एकच दशक म्हणा, पण श्वास घेत.

मौनप्रेमी

एकट्यासाठी लेक्सिओ दिविना, म्हणजे बायबल सावकाश वाचत प्रार्थना करण्याची पद्धत: वाचन, मनन, प्रार्थना, मग नुसतं असणं. सुरुवातीला स्तोत्र 131 घ्या, तीनच वचनं आहेत. पहिल्यात गर्व खाली ठेवलेला, दुसऱ्यात आईजवळ दूध तुटलेलं मूल. ते काही मागायला आलेलं नाही, हे ध्यानात घ्या. मोठ्याने दोनदा वाचा, अडेल तिथे थांबा. भाष्यग्रंथ उघडलात की प्रार्थनेचा अभ्यास होतो; तो दुपारी करा. मन भरकटलं तर चिडू नका, त्याच वचनावर परत या. वीस मिनिटांचा गजर लावून फोन पालथा ठेवा, म्हणजे सारखं घड्याळ पाहावं लागत नाही.