मदत हवी आहे: सिलिकॉनचा पातळ थर वाढवताना हायड्रोजनचं प्रमाण कसं उतरवावं?

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीचा, पीएचडीचं दुसरं वर्ष. सिलेन (सिलिकॉन आणि हायड्रोजनचं संयुग असलेला वायू) आणि हायड्रोजनच्या प्लाझ्मातून, म्हणजे विजेने आयनित केलेल्या वायूतून, साधारण २०० अंश सेल्सिअसला, सौर सेलसाठी काचेवर सिलिकॉनचे पातळ थर चढवतो.

हायड्रोजन कमी ठेवला तर थर अमॉर्फस (अस्फटिकी) राहतो आणि उन्हात त्याची कार्यक्षमता घसरते. १९७७ साली स्टेब्लर आणि रॉन्स्की यांनी दाखवलेला तोच परिणाम. हायड्रोजन वाढवला की स्फटिक उगवतात, पण शंकूसारखे वर रुंदावत जातात. जाडी वाढेल तसं रामन वर्णपटात (विखुरलेल्या लेझर प्रकाशाच्या मोजणीत) ५२० सेमी⁻¹ चं स्फटिकांचं शिखर ४८० च्या अमॉर्फस खांद्यावर मात करतं आणि सेलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता मिळणारं व्होल्टेज) पडतं. थर वाढत असतानाच हायड्रोजनचं प्रमाण उतरवत न्यायचं, हा उपाय वाचलाय आणि पटलाही आहे. पण उतार सलग ठेवायचा की पायऱ्यापायऱ्यांनी? पायरी बदलताना प्लाझ्मा चालूच ठेवता का?

दुसरा घोर पावसाळ्याचा. जून लागला की उघड्यावर राहिलेल्या नमुन्यांत आठवड्याभरात इन्फ्रारेड वर्णपटात सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाचं शिखर दिसू लागतं. म्हणजे स्फटिकांमधल्या फटींतून दमट हवा आत शिरतेय. थर दाट व्हावा म्हणून आधी प्लाझ्माची पॉवर कमी करू की तापमान वाढवू? दोन्ही एकदम बदलले तर काहीच कळणार नाही.

ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा. काय फसलं तेही लिहा, त्याचा मला फार उपयोग होईल.