‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’: न्यूयॉर्कचं रेकॉर्डिंग बाद करायला नको होतं का?

प्रश्न:
अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनचा हा अल्बम मी कित्येक वर्षं ऐकतोय, १९७५ साली आला तसाच. परवा २०१८ च्या ‘मोअर ब्लड, मोअर ट्रॅक्स’ या मूळ रेकॉर्डिंगांच्या संचामधलं, न्यूयॉर्कला आधी रेकॉर्ड झालेलं ‘इडियट विंड’ पहिल्यांदा ऐकलं आणि सुन्न झालो. ओळखीच्या गाण्यात तो अक्षरशः ओरडतो, शब्द ताणून अंगावर फेकतो. इथे आवाज अगदी खाली. भांडण कधीच संपलंय, समोर कुणी नाही, आणि हा स्वतःशीच बोलतोय. इतकं चांगलं झालेलं मग बाद का केलं? बाकीच्या गाण्यांचंही असंच आहे का?

प्रतिसाद १:
सगळा अल्बम बाद झाला नव्हता. सप्टेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्कला तो पूर्ण झाला, टेस्ट प्रेसिंगही (तपासणीसाठीच्या नमुना तबकड्या) निघालं. मग भावाच्या सांगण्यावरून डिसेंबरअखेर डिलनने मिनियापोलिसमध्ये, तिथल्याच वादकांना घेऊन, दहापैकी पाच गाणी नव्याने केली. कव्हरं आधीच छापून झाली होती, त्यामुळे त्या वादकांची नावं राहूनच गेली. याचं मला आजही वाईट वाटतं.

‘टँगल्ड अप इन ब्लू’ दोन्हीकडचं लागोपाठ ऐका. न्यूयॉर्कला सुरुवातीला अंथरुणात पडलेला माणूस ‘तो’ आहे, मिनियापोलिसला ‘मी’. एका सर्वनामाने गोष्ट किती जवळ येते! शिवाय मिनियापोलिसला आधी ‘जी’ (G) पट्टीत वाजवत होते; केव्हिन ओडेगार्ड या गिटारवादकाने पट्टी ‘ए’ (A) पर्यंत चढवायला सुचवलं. गाण्यात जी धाव आहे, ती त्या चढलेल्या पट्टीतून आलीय. हे गाणं बदललं ते उत्तमच झालं.

‘यू आर अ बिग गर्ल नाऊ’बद्दल मात्र मी कधीच मानणार नाही. न्यूयॉर्कच्या गाण्यात दुखणं अजून ओलं आहे. हेडफोन लावून त्या सेशनची गाणी ऐका, कोटाची बटणं गिटारला लागून टकटकतात. कुणीही ‘पुन्हा घेऊ’ म्हणालं असतं. मला त्या आवाजामुळे तो माणूस हातभर अंतरावर बसलाय असं वाटतं.

प्रतिसाद २:
मला भावाचं पटतं. दहाच्या दहा गाणी त्या एकाच मंद चालीत ऐकून बघा, पाचव्या-सहाव्या गाण्याला मन थकतं. सुटं गाणं म्हणून न्यूयॉर्कचं सरस असेलही, पण अल्बमला चढउतार लागतो. आणि एक, अल्बमसाठी न्यूयॉर्कच्या टेपचा वेग दोन-तीन टक्के वाढवला होता. २०१८ च्या संचात तो मूळ वेगात आहे, म्हणून तिथे सगळंच थोडं जड वाटतं.

प्रश्नकर्ता:
बटणं ऐकू आली! ‘बिग गर्ल’ चार वेळा ऐकलं, तुमच्याच बाजूने आहे. पण ‘इडियट विंड’चं अजून ठरत नाही. शेवटच्या कडव्यात तो दोष आपल्या दोघांवर घेतो ना, ते खालच्या आवाजात खरं वाटतं. आणि ओरडून ओरडून दमल्यावर तिथे पोचतो तेव्हाही तितकंच खरं वाटतं.