मदत हवी आहे: मालगाडीच्या वाघिणीत (डब्यात) गोठलेला कोळसा कसा सोडवायचा?

मंडळी, मी मालगाडीतून कोळसा उतरवून घेण्याच्या कामावर आहे. कडाक्याची थंडी पडली की आमचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. धुतलेला कोळसा ओलाच भरला जातो, वाटेत दोन-तीन दिवस पारा शून्याखाली, आणि इथे वाघिणीची खालची दारं उघडली तरी माल कमान धरून बसतो, म्हणजे वरच्या वर अडकतो, खाली पडतच नाही.

आमच्याकडे गरम हवेची शेड आहे, पण गाडी आत किती वेळ ठेवायची यावर रोज वाद होतो. मी हिशेब मांडला. 60 टन मालात 8 टक्के पाणी धरलं तर 4.8 टन बर्फ झाला. किलोमागे 334 किलोज्यूल लागतात, म्हणजे नुसता बर्फ वितळवायला वाघिणीमागे सुमारे 445 युनिट. कोळसा आणि पोलाद तापवायचं वेगळंच. एवढं करून परवा वितळलेलं पाणी दारांपाशी उतरलं, गाडी बाहेर थांबली तेवढ्यात पुन्हा गोठलं आणि दारं पक्की बसली. शेवटी पोरं पहारी घेऊन आत उतरली. मला हेच थांबवायचं आहे. पायाखालची कमान ढासळली तर माणूस कोळशात गाडला जाईल.

सगळा माल वितळवणं खरंच गरजेचं आहे का?

प्रतिसाद:
नाही. कोळशातून उष्णता फार हळू आत जाते, गाभ्यापर्यंत पोचायला तासन्‌तास लागतील. पत्र्याला चिकटलेला थर सुटला की बरंचसं काम होतं. म्हणून उष्णता बाजूंच्या पत्र्यांना आणि दारांना खालून द्या, इन्फ्रारेड हिटर त्यासाठी चांगले. ब्रेकचे रबरी पाइप आणि बेअरिंग मात्र झाकून ठेवा. उघडी ज्योत नकोच, कोळशाची धूळ पेट घेते. उरलेली ढेकळं बाहेरून व्हायब्रेटर लावून पाडा, माणूस आत उतरवू नका. आणि शेडमधून निघालेली वाघीण लगेच रिकामी झाली पाहिजे. जागा नसेल तर आत घेऊच नका.

खरा उपाय भरणीच्या ठिकाणी आहे. कोळसा निथळू द्यायचा, पत्र्यांवर आतून ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव) फवारायचं. कॅल्शियम क्लोराइड स्वस्त पडतं, पण पोलाद गंजवतं आणि बॉयलरलाही बाधतं.

धागाकर्ता:
मनापासून आभार. आमची गरम हवा वरून सोडली जाते, त्यामुळे वरचा थर आधी वितळून पाणी खाली जात असणार. झोत खाली वळवून बघतो. दारांभोवतीचं पाणी निचरायला कोणी काही केलंय का?