एकाच खिडकीतून पक्षीनिरीक्षण: एकटेपणात मनाला खरोखर आधार मिळतो का?

आगंतुक:
शस्त्रक्रियेनंतर गेले सहा आठवडे मी एकाच खोलीत आहे आणि संसर्गाच्या भीतीने भेटीगाठीही बंद आहेत. खिडकीतून एक झाड आणि विजेची तार एवढेच दिसते. तिथे येणाऱ्या चिमण्या, कावळे आणि बुलबुलांची एक जोडी पाहत बसलो की मन निवते, पण ते उडून गेले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पक्षीनिरीक्षणाने मनःस्वास्थ्य सुधारते म्हणतात, त्यात तथ्य किती? माझ्याकडे दुर्बीण नाही आणि अजून महिनाभर तरी बाहेर पडता येणार नाही.

सावकाश:
तथ्य आहे, मात्र मर्यादित. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०१८ ते २०२१ या काळात १,२९२ जणांच्या मनःस्थितीच्या नोंदी मोबाइल अ‍ॅपवर घेतल्या. पक्षी दिसल्यावर किंवा नुसते ऐकू आल्यावरही लोकांना अधिक बरे वाटत होते, हा परिणाम सुमारे आठ तासांपर्यंत टिकत होता आणि नैराश्याचे निदान झालेल्यांमध्येही तो आढळला. आजूबाजूची झाडे किंवा पाणी यांचा प्रभाव वेगळा काढल्यावरही तो उरलाच. म्हणजे उडून गेलेल्या पक्ष्याबरोबर सगळेच जात नाही. पण रोज नव्याने पाहावे लागते, हेही तितकेच खरे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात सहा मिनिटे पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकल्यावर चिंता कमी झाली, खिन्नता मात्र तशीच राहिली. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

पाखरवेडा:
दुर्बिणीवाचून अडत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असलेल्या जॉन बक्स्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने कुंपणाआडून थिरथिरा या एकाच पक्ष्याचा ध्यास घेतला, सोबतच्या कैद्यांनाही नोंदी घेण्यास लावले आणि त्यातून १९५० मध्ये त्या पक्ष्यावरचे पुस्तक सिद्ध झाले. त्यांच्या सोबत्यांपैकी पीटर काँडर पुढे ब्रिटनमधील पक्षीसंरक्षण संस्थेचे संचालक झाले.
आपण त्या बुलबुलांच्या जोडीवरच लक्ष ठेवावे. वेळ, आलेली दिशा, चोचीत काय होते, दोघांपैकी आधी कोण उडाले, एवढे वहीत लिहीत जावे. चोचीत वाळक्या काड्या दिसू लागल्या तर घरटे जवळच असणार. बुलबुलाची अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात, तेव्हा आपल्या या महिन्यात पिल्लांना भरवतानाही पाहायला मिळेल.

काठावरचा:
एक सावधगिरी. मी एकटा राहत असताना अ‍ॅपमध्ये प्रजातींची यादी वाढवण्याच्या नादी लागलो आणि नवे काही न दिसलेला दिवस वाया गेला असे वाटून अधिकच उदास होऊ लागलो. यादी बंद केल्यावर पाहण्यातला आनंद परतला. आणि झोप उडाली असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. ते काम पक्ष्यांवर सोपवू नये.

आगंतुक:
सर्वांचे आभार. झोप ठीक आहे. वही कालच सुरू केली. आज सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी एक बुलबुल काडी घेऊन डावीकडच्या दाट फांदीत शिरला आणि चार मिनिटांनी रिकाम्या चोचीने बाहेर आला. दुसरा तोवर तारेवरच बसून होता. नर आणि मादी सारखेच दिसतात, मग काडी नेणारा कोण हे ओळखावे कसे?